थांबलेला चेंडू आणि धावणारे मन

कुंडलच्या मुलाने गोल्फविषयी लेख लिहावा याचे काही मित्रांना हसू आले. आमच्याकडे हिरवळ म्हणजे उसाचे शिवार, आणि मैदान म्हटले की कुस्तीचेच. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मीही गोल्फची काठी आजवर हातात धरलेली नाही. परंतु मानसशास्त्राचा अभ्यास करताना ध्यानात आले, की खेळाडूच्या मनाविषयी जे प्रयोग झाले त्यांपैकी कितीतरी गोल्फवर झाले आहेत. त्याचे कारण समजले तेव्हा माझ्या स्वतःच्या एका फजितीचाही उलगडा झाला. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच.

आधी आपल्या ओळखीचा खेळ घेऊ. कुस्तीत सलामी झाली, खडाखडी सुरू झाली, की प्रतिस्पर्धी पैलवान तुम्हाला विचार करायला उसंतच देत नाही. तो पटात शिरला की अंग आपोआप मागे सरते. भीती असते, पण ती बहुतेक हलगी वाजत असताना, आखाड्यात उतरण्यापूर्वी. गोल्फचे याच्या अगदी उलट आहे. चेंडू गवतावर निश्चल पडलेला असतो. तो अंगावर येत नाही, कोणी तो हिसकावूनही घेत नाही. अठरा खळग्यांचा पूर्ण डाव खेळायला चार तासांच्या आसपास वेळ लागतो. चांगल्या खेळाडूचे फटके सत्तरच्या घरात, आणि एका फटक्याला फार तर दोन सेकंद. म्हणजे चार तासांतला प्रत्यक्ष खेळ अडीच मिनिटांचासुद्धा नाही! उरलेला सगळा वेळ खेळाडू आणि त्याचे मन एकमेकांच्या सोबतीला. मागचा फटका चुकला त्याची हळहळ, पुढच्याची धास्ती, आणि समोर सव्वाचार इंच व्यासाचा खळगा.

तो खळगा तीन-चार फुटांवर असताना मोठमोठ्यांचे हात कापतात. मनगटाला अवचित झटका बसतो आणि लहान मुलानेही सहज ढकलावा असा चेंडू बाजूने निघून जातो. गोल्फमध्ये या व्याधीला ‘यिप्स’ म्हणतात. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर हा अव्वल दर्जाचा खेळाडू; १९८५ आणि १९९३ साली त्याने अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धा जिंकली. त्यालाही या झटक्याने छळले आणि काठी धरण्याची पद्धत त्याला पुन्हा पुन्हा बदलावी लागली. हात तोच, चेंडू तोच. मग बिघडते काय?

सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे महत्त्वाचे आहेत. चेंडू खळग्यात कसा ढकलावा, असे सर्वसाधारणपणे विचारले तर सराईत खेळाडू नवशिक्यापेक्षा पुष्कळ सांगतो. मात्र ‘आत्ता मारलास तो फटका कसा मारलास?’ असे विचारले की तो नवशिक्यापेक्षा कमी सांगतो. त्याला तो फटका फारसा आठवतच नाही, कारण तो हातांनी परस्पर मारलेला असतो. पुढच्या प्रयोगांत अनुभवी खेळाडूंना आपल्या हालचालीकडे मुद्दाम लक्ष द्यायला लावले तेव्हा त्यांचा नेम बिघडला. सावकाश मारण्यापेक्षा झटपट मारायला सांगितल्यावर मात्र तो सुधारला. नवशिक्यांचे उलटे झाले. झटपट मारताना ते बिघडले. सायकल चालवणाऱ्याने पायडलकडे पाहू लागावे आणि तोल जावा, तसाच हा प्रकार. दडपण आले की माणूस ‘आता चुकायचे नाही’ म्हणून मुरलेल्या हालचालीचा ताबा पुन्हा स्वतःकडे घेऊ पाहतो, आणि नेमकी तेथेच गफलत होते.

माझी फजिती हीच. एन. सी. सी. मध्ये सरावाच्या वेळी पॉइंट टू-टू रायफलीने माझ्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकाव्यात इतक्या जवळ पडत. शिबिराच्या निवडीचा दिवस उजाडला. घरी वडिलांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलेले. जमिनीवर लेटलो आणि मनात घोकू लागलो: बोट हळू, श्वास रोख, खांदा हलवू नको. पाचांपैकी दोन गोळ्या निशाणाच्या काळ्या भागाबाहेर गेल्या. मागे उभे असलेले उस्ताद एवढेच म्हणाले, “गोळी तू नाही झाडलीस, तुझ्या भीतीने झाडली.” त्या रात्री मी जेवलो नाही. पुढचे दोन महिने रायफलीकडे फिरकलोही नाही.

मग उपाय काय? ‘मन एकाग्र करा’ हा उपदेश आपण शाळेपासून ऐकतो. पण एकाग्र कशावर, हे कोणी सांगत नाही. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या प्रयोगात नवशिक्यांच्या एका गटाला हातांच्या हालचालीकडे आणि दुसऱ्याला काठीच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले. काठीकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये खेळाडूंची नजर मोजली, तेव्हा वरच्या दर्जाच्या खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी चेंडूवर अधिक वेळ स्थिर राहिलेली आढळली. तात्पर्य, लक्ष अंगाबाहेर हवे आणि नजर एका जागी. वारा किती, उतार कुठे, अंतर केवढे हा हिशेब चेंडूमागे उभे राहूनच संपवायचा. चेंडूजवळ गेल्यावर दरवेळी तोच क्रम, तितकाच वेळ, आणि मग फटका.

याचे आपल्या मुलखातले उदाहरण साताऱ्याचे. उसाच्या शेतातल्या मैदानावर तिरंदाजी शिकलेली आदिती स्वामी ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. तिरंदाजीतही लक्ष्य हलत नाही. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचे, आणि एका बाणाला वीस सेकंद. अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराविरुद्ध तिने १५० पैकी १४९ गुण मिळवले. म्हणजे पंधरा बाणांत एकच गुण गेला. बेसेराचे १४७ होते. त्या वीस सेकंदांत तिच्या मनात काय चालले असेल ते तिलाच ठाऊक. मला कुतूहल आहे ते त्या एका नऊ गुणांच्या बाणाचे. तो सुटल्यावरही पुढचा बाण पहिल्यासारखाच सोडायचा असतो, आणि हे मला दहापेक्षा अवघड वाटते.

सध्या मी पुन्हा सरावाला जातो. ज्युनिअर कॅडेटना मागे उभे राहून मोठ्याने गप्पा मारायला सांगतो, हरणाऱ्याने सर्वांना चहा पाजायचा अशी पैजही लावतो. दडपणाची थोडी सवय व्हावी म्हणून. लेटण्यापूर्वी एक लांब श्वास सोडतो आणि मनात ‘टोक’ एवढा एकच शब्द ठेवतो, रायफलीच्या पुढच्या माशीचे टोक. परवा चार गोळ्या नाण्याखाली पडल्या. पाचवीला वाटले, आता ही लागलीच पाहिजे. आणि बोटाची आठवण झाली. चहा मला पाजावा लागला.