🚜 *ट्रॅक्टर धडा : पुढचा एक्सल ढिला झालाय? आधी ढिलाई कुठे आहे ते शोधा*



द्राक्ष, अंजीर, डाळिंबाच्या बागेत चालणाऱ्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरची (मित्सुबिशी शक्ती १८० सारखे) नेहमीची तक्रार : "स्टेअरिंग थरथरतं, बांध ओलांडताना पुढून खट्ट वाजतं." बरेच जण लगेच टाय रॉड बदलतात. पैसे जातात, आवाज तसाच राहतो.

पुढचा एक्सल मधोमध एका पिनवर झुलतो, म्हणून खाचखळग्यातही चारही चाकं जमिनीला टेकतात. याच *सेंटर पिनचा बुश* ग्रीस न मिळाल्याने झिजतो, आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

⚠️ *आधी जीव सांभाळा*
• सपाट, कडक जागा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.
• जॅकवर सोडून खाली शिरू नका. चेसिसखाली दोन घोड्या लावा, एक्सलखाली नको. एक्सल झुलता असतो, वरचा ट्रॅक्टर एका अंगाला कलंडू शकतो.
• ऑइल चेंबरला जॅक लावू नका.

🔍 *तीन तपासण्या* (पुढची चाकं अधांतरी)
१) एक्सल आणि चेसिसमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोका. चाक वर-खाली धरून हलवा. फक्त चाक हललं तर हबचं बेअरिंग. चाकाबरोबर स्टब एक्सलही हलला तर किंगपिनचा बुश.
२) चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. खेळ असेल तर टाय रॉडचे बॉल जॉइंट किंवा स्टेअरिंग बॉक्स.
३) पाचर काढा. पहारीने एक्सल मधोमध पुढे-मागे आणि वर-खाली उचका. खट्ट वाजलं तर सेंटर पिन.

🔧 *सेंटर पिनचं काम*
• पिन काढून पुसा, नख फिरवा. नखाला पायरी लागली तर पिनही गेली. *पिन आणि बुश जोडीनेच बदला.*
• एक्सलचं भोक अंडाकृती झालं असेल तर नवा बुश टिकणार नाही. भोक बोअर करून मोठ्या मापाचा बुश बनवून घ्या.
• पिनवर वेल्डिंग भरून घासू नका. उष्णतेने पिनचा कडकपणा जातो, तडाही जाऊ शकतो. भर रस्त्यात पिन तुटली तर स्टेअरिंग हातात राहत नाही.
• बुश प्रेसने बसवा, थेट हातोडा नको. बुशाचं छिद्र ग्रीस निप्पलसमोर आलंच पाहिजे.
• दाबून बसवल्यावर बुश आतून थोडा आवळतो, म्हणून शेवटी रीमर मारावा लागतो. ग्रीस लावलेली पिन हाताने सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.
• पुढे-मागे खेळ उरला तर वॉशर घालून भरून काढा.

📍 *कसबा पेठेत येणाऱ्या सभासदांसाठी*
"पितळेचा बुश तांबट आळीत मिळेल का?" असं काही जण विचारतात. तिथलं काम तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवायचं. बुश मात्र लेथवर कातलेला लागतो, तोही गनमेटलचा (तांबं, कथील, जस्त). साधं पितळ लवकर झिजतं. जवळच रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पिन मिळाली, तरी *व्हर्नियरने दोन-तीन जागी माप घेतल्याशिवाय घेऊ नका.* येताना जुनी पिन आणि बुश दोन्ही सोबत आणा, नुसतं तोंडी माप चालत नाही.

✅ *नंतर* : चालू हंगामात रोज ग्रीस. चिखलात काम केलं तर त्याच संध्याकाळी, जुना चिखल बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. टाय रॉड खोलला असेल तर टो-इन पुस्तिकेप्रमाणे जुळवा, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील.

❗ फोर व्हील ड्राइव्ह असेल तर स्वतः खोलू नका. त्या एक्सलमध्ये गिअर आणि तेल असतं, मेकॅनिकलाच दाखवा.

आज संध्याकाळी फक्त तिसरी तपासणी करा. खट्ट वाजलं तर ट्रॉली जोडून रस्त्यावर जाऊ नका. पिनचा फोटो पाठवा, पुढचं बघू. 🌱