रामलिंगच्या उन्हात टॅबलेट

टॅबलेटवर चित्रं काढायची असतील तर जरूर काढा, पण येडशीसारख्या ठिकाणी उघड्यावर बसून काढणार असाल तर चार गोष्टी आधी ऐकून घ्या.

पहिली गोष्ट उन्हाची. एप्रिल-मेमध्ये येडशीच्या रामलिंग मंदिराच्या पायऱ्यांवर बसलं की काचेत मंदिर कमी आणि आपलंच तोंड जास्त दिसतं. उजेड वाढवला की टॅबलेट तापतो. आयपॅड 35 अंशांपर्यंतच वापरा, असं ॲपलच सांगतं. आपल्याकडे पारा सहज त्याच्या वर जातो. आधी पडदा मंदावतो, मग गार होईपर्यंत काम ठप्प. मंदिराच्या शिखराचं माझं चित्र असंच अर्ध्यावर राहिलं. सावलीत सरकावं तर माकडं टपलेलीच.

दुसरी, कॅनव्हासच्या मापाची. कागद हातात घेतला की चित्र केवढं होणार ते कळतं. टॅबलेटवर ते पहिल्या रेघेआधी ठरवावं लागतं. घाटातल्या धबधब्याचं माझं चित्र 2048 बाय 1536 पिक्सेलचं होतं. काचेवर झकास दिसायचं. कुणीतरी भिंतीवर लावायला मोठं मागितलं, तर छापल्यावर कडा फुटल्या. 300 डीपीआयने ते जेमतेम पावणेसात बाय पाच इंच नीट निघतं. ए-4 साठी निदान 2480 बाय 3508 पिक्सेल धराच. मात्र माप वाढलं की लेअर कमी मिळतात, हेही ध्यानात असू द्या.

तिसरी गोष्ट शाळकरी मुलांच्या पालकांसाठी. चित्रकलेच्या एलिमेंट्री, इंटरमिजिएट परीक्षा कागदावरच होतात. चुकली रेघ की दोन बोटांनी मागे, ही सवय लागलेलं पोर कागदावर बिचकतं. एकच रेघ दहादा खोडतं. सरावाला अनडू न वापरण्याचा नियम घालून द्या.

चौथी, ॲप काढून टाकलं तर आतली चित्रंही जाऊ शकतात. चित्र झालं की प्रत लगेच दुसरीकडे ठेवा.

मग करायचं काय? जागेवर स्केचबुक आणि 2बी पेन्सिल न्या. घरी आल्यावर स्केचचा सरळ वरून फोटो घ्या, तो सगळ्यात खालच्या लेअरवर फिका करून ठेवा आणि वर रंगवा. रंगवायच्या ॲपपैकी क्रिटा फुकट मिळतं, प्रोक्रिएटसाठी ॲपलचंच यंत्र लागतं. महिनाभर असं करून बघा, मगच महागड्या पेनाला पैसे घाला.