सुर्तसे : माणसापासून जपलेले बेट

१४ नोव्हेंबर १९६३ रोजी सकाळी आइसलँडच्या दक्षिणेस मासेमारी करणाऱ्या एका नौकेवरील आचाऱ्याला समुद्रातून काळा धूर उठताना दिसला. एखाद्या जहाजाला आग लागली असावी, असे प्रथम वाटले. प्रत्यक्षात सुमारे १३० मीटर खोल सागरतळावर ज्वालामुखीचा उद्रेक होत होता. दुसऱ्याच दिवशी लाटांतून नवे बेट वर आले. नॉर्स पुराणकथांतील सुर्त या अग्निदैत्यावरून त्याचे नाव 'सुर्तसे' असे ठेवण्यात आले.

नुसत्या राखेचा व खडीचा हा ढीग लाटांपुढे फार काळ टिकला नसता. त्याच उद्रेकात शेजारी उगवलेली दोन लहान बेटे समुद्राने अल्पावधीत पुसून टाकली. सुर्तसेवर मात्र एप्रिल १९६४ पासून लाव्हारस वाहू लागला. तो थिजला आणि राखेवर कठीण कवच चढले. जून १९६७ मध्ये उद्रेक थांबला, तेव्हा बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस किलोमीटर होते.

ज्वालामुखी धगधगत असतानाच, १९६५ साली, बेटाला कायद्याचे संरक्षण मिळाले. वास्तविक तेथे जपण्यासारखे तेव्हा काय होते? ना वृक्ष, ना प्राणी. परंतु निर्जीव खडकावर जीवसृष्टी कशी अवतरते, हे पाहण्याची अशी संधी विरळाच. त्यामुळे पर्यटकांना तेथे मज्जाव आहे. मोजके संशोधक जातात, तेही कपड्यांना वा बुटांना चिकटून एखादे बी जाऊ नये याची दक्षता घेऊन.

एवढे करूनही एकदा तेथे टोमॅटोचे रोप उगवले! एका पाहुण्याने उघड्यावर शौच केल्याचा तो परिणाम होता. रोप तत्काळ उपटून टाकण्यात आले.

समुद्राने, वाऱ्याने आणि पक्ष्यांनी आणलेल्या बीजांना मात्र आडकाठी नाही. पहिली सपुष्प वनस्पती १९६५ मध्येच रुजली. १९८६ पासून कुरव पक्ष्यांची वसाहत वाढली. त्यांच्या विष्ठेने जमीन सकस झाली व हिरवळ पसरली. पाहुण्याची विष्ठा निषिद्ध आणि कुरवाची स्वागतार्ह, असा हा काटेकोर भेद आहे!

२००८ साली युनेस्कोने या बेटाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. दरम्यान लाटांनी त्याचा जवळजवळ निम्मा भाग गिळला आहे. ही झीजदेखील संशोधक केवळ मोजतात. ती रोखण्यासाठी तेथे बंधारा बांधलेला नाही.