इसहाकाच्या विहिरी आणि आपले पाणी

शास्त्रपाठ : उत्पत्ती 26:12-33. सोबत वाचावे : उत्पत्ती 2:15, लेवीय 25:1-7 व 23, रोमकरांस पत्र 8:19-22.

अब्राहामाच्या विश्वासाबद्दल व याकोबाच्या कुस्तीबद्दल आपण पुष्कळ उपदेश ऐकतो. मधल्या इसहाकाबद्दल फारसे ऐकत नाही. मोरिया डोंगरावर तो बांधलेला मुलगा आहे आणि म्हातारपणी फसवला गेलेला बाप आहे. या दोहोंच्या मधे त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाचा म्हणावा असा एकच अध्याय आहे, आणि त्या अध्यायात तो काय करतो, तर विहिरी उपसतो. म्हणून पुष्कळ शिक्षक हा अध्याय ओलांडून पुढे जातात. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागातील मंडळ्यांनी तरी तसे करू नये, असे आम्हांस वाटते. ज्या मुलुखात मे महिन्यात घागर घेऊन उभे राहण्याचा अनुभव घरोघरी आहे, तेथे हा अध्याय समजावून सांगण्याचे श्रम फारसे पडत नाहीत.

प्रसंग असा आहे. दुष्काळामुळे इसहाक गरार येथे राहतो. तेथे पेरणी करतो, शंभरपट पीक येते, गुरेढोरे वाढतात, आणि शेजारी पलिष्टी हेवा करू लागतात. त्यांनी अब्राहामाच्या वेळच्या विहिरी मातीने बुजवून टाकल्या होत्या. येथे मुलांना थांबवून विचारावे : दुष्काळी मुलुखात विहीर बुजवणाऱ्याचा लाभ कोणता? लाभ काहीच नाही. दुसऱ्याला मिळू नये, एवढ्यासाठी स्वतःचेही पाणी बुजवायचे, असे हे पाप आहे. अबीमलेख राजा इसहाकाला निघून जायला सांगतो. तो भांडत नाही. खोऱ्यात उतरतो आणि बापाच्या बुजलेल्या विहिरी पुन्हा उकरून त्यांना बापानेच दिलेली नावे देतो. पुढे नवी विहीर खणली तर गुराखी भांडायला आले. तिचे नाव एसेक, म्हणजे कलह. दुसरी खणली, तिच्यावरूनही वाद. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडले नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटले, म्हणजे ऐसपैस जागा. शेवटी ज्याने हाकलले तोच अबीमलेख शपथ घालून सलोखा करायला येतो, आणि त्याच दिवशी चाकर येऊन सांगतात की पाणी लागले.

या अध्यायात पाणी, हेवा, वारसा आणि सलोखा अशा चार गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत, आणि आपल्या जिल्ह्यांतही त्या तशाच गुंतलेल्या आहेत.

बुजलेल्या विहिरींसाठी आपणांस गरारपर्यंत जायला नको. बीदर शहर तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. हा दगड सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या काळ्या कठीण खडकाला लागले की कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गुरू नानक झिरा आणि नरसिंह झिरा हे प्रसिद्ध झरे याच पठाराचे. बहामनी राजधानी बीदरला आली ते पंधरावे शतक. त्या काळच्या जाणत्यांनी ही गोष्ट ओळखून नौबादजवळ जमिनीखालून बोगदा कोरला आणि ठराविक अंतरावर उजेडवाऱ्यासाठी व पाणी काढण्यासाठी उभ्या विहिरी पाडल्या. यालाच करेज किंवा सुरंग बावी म्हणतात. त्यात मोट नाही, पंप नाही. उताराने पाणी आपोआप चालते. पुढे नळ आले, कूपनलिका आल्या, आणि या विहिरींत माती व केरकचरा पडत राहिला. एकविसाव्या शतकात अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले आणि गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. पलिष्ट्यांनी हेव्याने विहिरी बुजवल्या. आम्ही नळ आला म्हणून बुजवल्या. आपल्या कितीतरी जुन्या मिशन आवारांतही मिशनरींच्या काळची दगडी आड-विहीर आज कोणत्या स्थितीत आहे, हे पंचांनी एकदा वाकून पाहावे.

आता या पाठाला धरून आम्ही आपल्या रोमन कॅथॉलिक बंधूंच्या काही कामांकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. काहींना हे आवडणार नाही. त्यांची आपली शिकवण कोठे वेगळी आहे हे आम्ही जाणतो, आणि संतांकडे मध्यस्थी मागणे आम्हांस मान्य नाही. पण विहीर कोणी उकरली यावरून पाण्याची चव ठरत नाही.

पहिले उदाहरण अहमदनगरचे, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. आपल्या जुन्या मंडळ्यांना हे गाव परके नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे 1831 पासून, आणि ‘ज्ञानोदय’ तेथूनच 1842 साली निघू लागला. त्याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेज्वीट धर्मगुरूंनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. ते 1948 साली भारतात आले आणि 2021 साली वारले. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडण्याची कामे आठवत असतील. पोटाला भाकरी मिळाली. पण पुढच्या दुष्काळात पुन्हा तीच खडी. बाखर यांच्या ध्यानी आले की पाऊस कमी पडतो हे खरे, पण पडतो तोही गाव सोडून पळून जातो. त्याला माथ्यावरच अडवला पाहिजे. डोंगरमाथ्यावर समपातळीत चर, उतारावर ताली व बांध, ओघळीत दगडांचे लहान बांध, आणि सर्वांत शेवटी खाली नालाबांध, असा माथ्याकडून पायथ्याकडे येण्याचा हा क्रम आहे. खालचा बांध आधी घातला तर तो दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. पुष्कळ सरकारी कामे अशीच उलटी झाली आहेत.

1990 च्या दशकाच्या आरंभी जर्मन साहाय्याने व नाबार्डच्या द्वारे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे बाखर यांची खटपट होती. 1993 साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था उभी केली. या कामाची खरी गोम पैशात नव्हती. गावाने आधी शब्द द्यावा लागे : झाडे तोडणार नाही, मोकाट चराई बंद करू, उसासारखी पाणी पिणारी पिके घेणार नाही, आणि मजुरीच्या सुमारे 16 टक्के इतके श्रमदान करू. गाव हिंदू, मुसलमान की ख्रिस्ती हे कोणी विचारीत नसे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे पर्जन्यछायेतील टँकरवर जगणारे गाव. 1996 पासून तेथे असे काम झाले आणि विहिरींची पातळी वर आली. बाखर यांना वाचणारे एक वाक्य पुरे म्हणतील : गाव एक झाले तर पाणी थांबते. आम्ही मात्र त्याला एक प्रश्न जोडू इच्छितो, कारण तो आमच्याच लोकांचा आहे.

आपल्या मंडळ्यांतील बहुसंख्य माणसे भूमिहीन आहेत किंवा दोन-तीन एकरांचे धनी आहेत. विहिरीला पाणी वाढले तर ते विहीरवाल्याचे वाढते. चराईबंदी मात्र ज्याच्याजवळ जमीन नाही, चार शेळ्याच आहेत, त्याला पहिल्या दिवसापासून जाचते. मेंढपाळांचीही तीच गत. पाणलोटाच्या कामात हा वाद ठिकठिकाणी उठला आहे आणि तो खोटा नाही. त्या कार्यक्रमात भूमिहीनांना श्रमदानातून सूट होती. तेवढ्याने शेळीचा चारा येत नाही. येथे लेवीय 25 काळजीपूर्वक वाचावे. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा, आणि त्या वर्षी आपोआप उगवेल ते कोणाचे? मालकाचे, तसेच दासाचे, दासीचे, मजुराचे, उपऱ्याचे, गुरांचे आणि रानातल्या पशूंचेही. देवाच्या नियमशास्त्रात जमिनीची राखण आणि भूमिहीनाचा वाटा ही एकाच वाक्यात आली आहेत. त्यामुळे चराईबंदी घालायचीच असेल तर कापून नेण्याच्या गवतावर पहिला हक्क शेळीवाल्याचा, असे आधी ठरवावे. एरवी रहोबोथ म्हणून खणायला जाऊ आणि सितना निघेल.

दुसरे उदाहरण वसईचे. तेथील कॅथॉलिक समाज पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेल, फुले व भाजीपाला पिकवणारा. शेतांत बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी तळी. मुंबई जवळ आली तशा इमारती आल्या, आणि वाड्यांतील विहिरींचे गोडे पाणी उपसून टँकर भरले जाऊ लागले. समुद्र शेजारी असला की गोडे पाणी जितके उपसावे तितके खारे पाणी आत सरकते. मग विहीर कायमची जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई’ची चळवळ उभारून याविरुद्ध आवाज उठवला. ते 1983 ते 2007 पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि त्यांचे मराठी आपल्यापैकी अनेकांनी कौतुकाने वाचले आहे. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवला, आपल्या उंबरठ्यावरच, 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. धर्मगुरू अध्यक्ष झाले म्हणून काहींनी नाके मुरडली, तरी ते आले व बोलले. 25 जुलै 2024 रोजी त्यांना देवाज्ञा झाली. त्यांची चळवळ पूर्ण यशस्वी झाली असे म्हणता येणार नाही. वसईत इमारती उभ्या राहिल्याच, आणि जमिनी विकणाऱ्यांत त्यांच्याच मंडळीतले लोकही होते. उपदेशकाला सर्वांत कठीण श्रोता पहिल्या बाकावर बसलेला असतो.

या सर्व कामाला रोमच्या बाजूने मोठा आधार मिळाला तो 2015 साली. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र काढले. नाव असिसीच्या फ्रान्सिसच्या स्तुतिगीतावरून घेतले आहे. पृथ्वी हे सर्वांचे सामायिक घर आहे आणि पृथ्वीचे कण्हणे व गरिबाचे रडणे वेगळे ऐकता येत नाही, असा त्याचा आशय. ‘सत्ता चालवा’ या उत्पत्ती 1:28 मधील आज्ञेचा अर्थ लुटा असा घेणे चूक असून ती 2:15 मधील मशागत व राखण यांसह वाचावी, हे त्यात स्पष्ट मांडले आहे. हे काही नवीन नाही. जागतिक मंडळी परिषदेने 1983 च्या व्हँकुव्हर अधिवेशनात न्याय, शांती आणि सृष्टीची अखंडता हे तिन्ही एकत्र घेतले होते. ठराव आमच्याकडे आधी झाला. कुदळ त्यांनी आधी उचलली. आपल्या भागातही 2005 साली स्थापन झालेला गुलबर्गा धर्मप्रांत आहे. तेथील लोकांशी आपली भेट बहुधा नाताळच्या शुभेच्छांपुरतीच असते.

आणि पाण्याची निकड आपल्यापाशी कमी नाही. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि पाणी होते 5 लाख लिटर. तीच मांजरा पुढे बीदर जिल्ह्यात येते. त्याच खोऱ्यात दोन्ही राज्यांत ऊस उभा असतो. ऊस लावणाऱ्याला पापी ठरवण्याचा आमचा हेतू नाही. कारखाना रोख देतो आणि मुलीचे लग्न तुरीच्या भावावर सोडता येत नाही. पण कलबुर्गीच्या काळ्या रानाला तूर आणि ज्वारी कमी पाण्यात पोसता येते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. एका शेताच्या कूपनलिकेने पाचशे फूट खाली जायचे आणि शेजारणीच्या आडाने आटायचे, याला शास्त्रात नाव आहे, आणि ते एसेक आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी. हा पाठ दोन रविवारी घ्यावा. पहिल्या रविवारी केवळ गोष्ट. विहिरींची तीन नावे फळ्यावर लिहून मुलांकडून अर्थ पाठ करून घ्यावेत, आणि आपल्या गावातील कोणत्या पाणवठ्याला यांपैकी कोणते नाव शोभेल, ते त्यांनाच ठरवू द्यावे. उत्तरे ऐकून मोठी माणसे अस्वस्थ झाली तर होऊ द्यावीत. गावात पाणवठ्यावर कोणाला पूर्वी भरू दिले जात नसे, हे आजीला विचारून यायला सांगावे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत ही गोष्ट अजून जिवंत आहे आणि ती मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. अबीमलेखाचा सलोखा त्यानंतरच शिकवावा.

दुसऱ्या रविवारी वर्ग बाहेर न्यावा. मंदिराच्या छपराचे पाणी कोठे जाते ते पाहावे. हिशेब मोठ्या मुलांकडून करवून घ्यावा : छपर 100 चौरस मीटर असेल आणि पाऊस 10 मिलिमीटर पडला, तर 1,000 लिटर पाणी अंगणात पडते. आवारात जुनी विहीर असल्यास दोराला दगड बांधून पाण्याची खोली मोजावी आणि तारखेसह मंडळीच्या वहीत लिहावी. मुलांना काठाजवळ एकटे सोडू नये. दोर मोठ्या माणसाने धरावा. विहीर बुजलेली असेल, तर किती हात बुजली आहे ते लिहावे. पुढची नोंद 1 मे रोजी, त्यानंतरची पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ दिवसांनी. शेजारच्या कॅथॉलिक मंडळीच्या आवारातही विहीर असेल, तर त्यांच्या पाळकांना विचारून तिचीही नोंद त्याच वहीत करावी.