आजचे चिंतन : विजन आणि मामांची जाळी



मागच्या वेळी आपण अटन वाचलं. आज त्याच्या शेजारचा शब्द, विजन. निरूपणात पहिल्यांदा हा शब्द कानावर आला तेव्हा मला 'व्हिजन' ऐकू आलं होतं आणि बाबा एकदम कॉर्पोरेट कसे बोलायला लागले असं वाटलं होतं. असो. वि-जन, म्हणजे जिथे माणूस नाही ती जागा. आणि तिथे जाऊन बसणं, तेही विजनच. आपल्या आचारात साधकाची सकाळ यासाठी राखलेली असते. गावाबाहेर जायचं, झाडाखाली एकट्याने बसायचं, नाम घ्यायचं, लीळा आठवायच्या. दुपार झाली की भिक्षा.

सर्वज्ञ एका सूत्रात याच्याही पुढे जातात. लांबच्या मुलखात, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे, झाडाच्या बुडाशी जन्म काढावा, असा त्याचा आशय आहे. आपण वासनिक. ऑफिस, ईएमआय, आईच्या गोळ्यांच्या वेळा. जन्म काही जमायचा नाही. पण एक सकाळ?

एवढं मनाशी धरून मी होळीला जोडून दोन दिवस रजा टाकली आणि मामांकडे गेले, जाफराबाद तालुक्यात. टीममध्ये सांगितलं, "जंगलात चाललेय." एक जण लगेच म्हणाला, "जालना जिल्ह्यात जंगल?" त्याचं चूक नाही. महाराष्ट्रात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांमध्ये जालन्याचं नाव येतं. आमच्याकडे पूर्णा आहे, केळणा आहे, काळी जमीन आहे, कापूस, मका, सोयाबीन, मिरची आहे. झाडं उरली आहेत ती नाल्याच्या काठाने, गायरानात, नाहीतर शेताच्या एखाद्या अशा कोपऱ्यात जिथे नांगर नीट फिरत नाही. तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाचं नाव तर झाडाचंच आहे. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात तेच टेंभुर्णीचं झाड.

आधी आम्ही तिघं, मामा, मामी आणि मी, जाळीच्या देवाला जाऊन आलो. शेजारच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या कडेला. तुमच्यापैकी बरेच जण गेले असाल. शहरात वाढलेल्यांना 'जाळी' म्हटलं की खिडकीला लावतात ती डासांची जाळी आठवते, मलाही लहानपणी तेच वाटायचं. रानातली जाळी म्हणजे काटेरी झुडपांचा, वेलींचा दाट गुंता. आत शिरायचं तर वाकावं लागतं, कधी रांगावं लागतं. अशा एका जाळीत वाघिणीची पिल्लं होती आणि स्वामींनी ती जवळ घेऊन खेळवली, ही तिथली लीळा. आज तिथे मंदिर आहे, भाविकांची वर्दळ आहे. दर्शन घेताना माझ्या मनात एकच येत होतं, की या देवाच्या नावात ना डोंगर आहे ना राजा. आहे ते झुडूप.

वाघाचं निघालं म्हणून सांगते. या भागात वाघ ही फक्त पोथीतली गोष्ट राहिली असं आपण धरून चालतो. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून वाट कळली. तेलंगणात शिरून, परत महाराष्ट्रात येऊन, शेतं, नाले, रस्ते ओलांडत पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. बुलढाणा आमच्या तालुक्याला लागूनच. ज्ञानगंगा जेमतेम २०५ चौरस किलोमीटरचं. एवढं चालताना दिवसा तो कुठे राहत असेल? जिथे जाळी मिळेल तिथे. नाल्याकाठच्या चार बाभळी त्याला पुरल्या असतील. आपण ज्याला 'पडीक' म्हणतो त्याच्या आधाराने एक वाघ अर्धा महाराष्ट्र चालून आला, हे मला अटन-विजन या जोडशब्दाचं फार चांगलं निरूपण वाटतं. (वाघाला साधक केलं म्हणून कुणी रागावू नका.)

तर मामांची जाळी. शेताच्या टोकाला, नाल्याच्या वळणावर, पंधरा-वीस गुंठ्यांचा तुकडा. बाभळी, हिवर, दोन मोठे लिंब, बोरी, सीताफळाची झुडपं आणि फाल्गुनात पेटल्यासारखा दिसणारा पळस. लहानपणी आम्ही तिथे बोरं वेचायचो. सकाळी सहाला मी निघाले तर मामी चप्पल घालून दारात उभी.

"एकटी नको जाऊ बाई. मी येते."

आता विजनाला सोबत घेऊन जायचं का? पण मुलींनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. एकांत ही गोष्ट आपल्याला मागून मिळत नाही. घरात दार लावलं तर 'काय झालं' विचारतात आणि बाहेर गेलं तर 'कुणासोबत' विचारतात. स्वामींच्या सोबत बाईसा होत्या, महदाईसा होत्या, आबाईसा, उमाईसा होत्या. तेराव्या शतकात बायकांना संन्यासाची, भिक्षेची वाट या पंथात मोकळी होती. झाडाखाली एकट्याने बसण्याचं सूत्र त्यांनाही तेवढंच लागू होतं. आठशे वर्षांनी मी मामीला घेऊन निघाले होते.

जाळीशी पोचल्यावर मामी म्हणाली, "तू बस तिकडं आत. मी इकडं हाय." आणि ती दुसऱ्या लिंबाखाली माझ्याकडे पाठ करून बसली.

मी बसले. पहिली पाच मिनिटं छान. पळसावर पाखरांची झुंबड होती, लांब मोर ओरडत होता, एक भारद्वाज खाली पाचोळ्यात काहीतरी शोधत चालला होता. मग हात खिशाकडे गेला. फोन मी घरी ठेवला होता, मुद्दाम, तरी हात गेला. पळसाचा फोटो काढला असता, वर 'विजन' लिहून टाकलं असतं. खरं सांगायचं तर कॅप्शन माझं तयारही झालं होतं! नाम चाललं होतं तोंडाने आणि मन स्टोरीला किती जण बघतील ते मोजत होतं. जिथे जन नाहीत तिथे मी दोनशे जण बरोबर घेऊन बसले होते. ही माझी त्या सकाळची सगळ्यात मोठी कमाई, आणि ती काही फार अभिमानाची नाही. शेवटी शेवटी, ऊन पाठीला लागायला लागलं तेव्हा, थोडा वेळ नुसतं नाम राहिलं. किती वेळ ते माहीत नाही, घड्याळही नव्हतं.

परतताना बांधावर मामा भेटले. म्हणाले, "बघून घे गं नीट. पुढच्या बारीला ही जाळी नसंल."

त्यांना तिथे शेडनेट टाकायचं आहे. आमच्या भागात बरेच शेतकरी कंपन्यांसाठी भाजीपाल्याचं बियाणं काढतात, टोमॅटो, मिरची, काकडी असं. कोरडवाहू कापसापेक्षा त्यात पैसा आहे, आणि मामांच्या धाकट्याच्या कॉलेजची फी आहे. विहीर त्याच टोकाला, म्हणून जागाही तीच. जेसीबीवाल्याशी बोलणं झालेलं.

मी एकदम पोथी काढली. सशाची लीळा तुम्हाला पाठ असेलच. शिकारी आणि कुत्री मागे लागलेला ससा पळत येऊन स्वामींच्या गुडघ्याखाली लपला. शिकाऱ्यांनी तो मागितला. स्वामींनी दिला नाही, हा शरण आलाय म्हणाले. ही जनावरं रानात राहतात, गवत खातात, पाणी पितात, तुमचं काय घेतात, असं विचारून त्यांना शिकारीपासून सोडवलं. आणि मग गुडघा उचलून सशाला 'महात्मा' म्हणून निरोप दिला. मी मामांना म्हटलं, या जाळीत ससे आहेत, मोर आहेत. आपल्यामुळे मुंगीसुद्धा विधवा होऊ नये इतकं स्वामींनी जपायला सांगितलं, आणि तुम्ही जेसीबी लावणार?

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ससा गवत खातो, बरोबर हाय. डुक्कर माझा हरभरा खातं. रोही मका तुडवतो. अन् ते बी ह्याच जाळीत निजतात. मी राती राखणीला येतो, तू येतीस का?"

मंडळी, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. लीळा वाचताना मी नेहमी स्वत:ला सशाच्या बाजूला धरत आले. फार तर त्या पस्तावलेल्या शिकाऱ्याच्या. पण ज्याचं पीक रात्रीतून जातं तो त्या चित्रात कुठे उभा राहणार, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट टोचली. आपल्या आचारात स्वदेशाचा संबंध सोडा, स्वग्रामाचा सोडा, नातलगांचा तर विशेष करून सोडा, असं सूत्र आहे. मी आले होते ती मामांच्या शेतात, 'आपल्या' जाळीत, बालपणीची बोरं आठवत. ही जाळी राहावी असं मला वाटत होतं ते सशासाठी, की वर्षातून दोन दिवस मला यायला जागा हवी म्हणून? मी राखण करत नाही, फी भरत नाही, आणि हट्ट मात्र माझा. सूत्र ज्याला संबंध म्हणतं तो हाच असावा, अगदी झाडाच्या रूपात.

रात्री भाकरी थापताना मामी मध्येच बोलली. मामा जेवत होते. ती काही त्यांच्याकडे बघून बोलली नाही.

"तिथं मी रोज जाते."

मामा म्हणाले, "सरपणाला जातीस, ठाऊक हाय. आता गॅस हाय की."

"सरपण दहा मिनिटाचं असतं," मामी म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. "बाकीचा वेळ बसते. नाम घेते. घरात कोण बसू देतं?"

मामा हातातला घास घेऊन थांबले. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सकाळी ती माझ्या सोबतीला आली आहे असंच मी समजत होते. ती ज्या लिंबाखाली बसली ती तिची रोजची जागा होती. बुंध्याशी माती बसून बसून गुळगुळीत झालेली मी सकाळी पाहिली होती, पण तेव्हा डोक्यात काही आलं नाही. मी पुण्याहून दहा तासांचा प्रवास करून, रजा टाकून, फोन घरी ठेवून जे करायला आले होते ते माझी मामी मोळीच्या आडून रोज करत होती, आणि तिला ते कुणाला सांगावंसंही वाटलं नव्हतं.

त्या रात्री पुढे काही ठरलं नाही. डुकरं आहेत, फी आहे, विहीर त्याच टोकाला आहे. सकाळी निघताना मामा पायांनी जागा मोजत होते, नाल्याकडून किती सोडता येईल ते. दहा गुंठ्यांचं शेडनेट बसवलं तर दोन्ही लिंब आणि पळस वाचतो, असं काहीसं पुटपुटत होते. पण जाळी विरळ झाली की ती जाळी राहील का, तेही मला माहीत नाही.

शहरात असलेल्यांसाठी आजचा अभ्यास सांगते. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे. दुसरीकडे असाल तर कॉलनीच्या मागचा एखादा ओसाड प्लॉट बघा. फोन घरी ठेवा, कुणाला सांगू नका, नंतरही सांगू नका (मी सांगतेय हे दिसतंय, तेवढं माझ्या नावावर मांडा). पान तोडू नका, वारूळ असेल तर बाजूला बसा. अर्धा तास. कॅप्शन सुचलं तर सुचू द्या, आणि परत नामाकडे या. मुलींनी दिवसाउजेडी, माहितीच्या जागी जावं. सोबत घ्यावीच लागली तर पाठ करून बसणारी घ्या.

आणि घरी आजी, मामी, काकू असतील तर एकदा विचारून बघा, तुम्ही कुठे बसता म्हणून.

उद्या याच क्रमातला पुढचा शब्द घेऊ, भिक्षा. त्यासाठी ओंजळीची लीळा वाचून ठेवा.

दंडवत प्रणाम.