बाबांना कामाला लाव, पण मानाने

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं. मंदीत तुझी नोकरी गेली, घराच्या कर्जाचे हप्ते डोक्यावर आहेत. बाबा स्वतःहून दोन ठिकाणी विचारायला गेले, तिथे वय ऐकूनच त्यांना परत पाठवलं, आणि तेव्हापासून ते गप्प आहेत. ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणायला तुझी जीभ रेटत नाही; या वयात बापाला कामाला लावलं असं लोक म्हणतील, याची तुला धास्ती वाटते.

माझं मत सरळ सांगतो. बाबांना उभारी दे आणि कामाला पाठव. मात्र काम त्यांच्या हुन्नराला आणि वयाला शोभणारं हवं, आणि मोबदला पूर्ण हवा.

खासगी कारखान्यातल्या माणसाचं पेन्शन किती असतं, हे तू एकदा कागदावर मांडून बघ. 1995 च्या पेन्शन योजनेचा हिशेब असा: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्या पगाराची मर्यादा 15,000 रुपये होती. म्हणजे तीस वर्षं राबूनही बहुतेकांच्या हाती महिन्याला सात हजारसुद्धा येत नाहीत, आणि त्याला महागाई भत्त्याची जोड नाही. अशा माणसाला चार पैसे मिळवावेसे वाटले, तर त्यात त्याला कमीपणा नाही आणि तुझी नामुष्कीही नाही.

आता त्यांच्या हाताबद्दल. टूलरूममध्ये मी त्यांना जवळून पाहिलं आहे. लेथवरच्या फोर-जॉ चकमध्ये जॉब बांधला की ते मोजणीची डायल लावत, चक हाताने सावकाश फिरवत आणि काटा कुठे जास्त सरकतो ते बघत. मग समोरासमोरच्या दोन जबड्यांपैकी एक किंचित सैल, दुसरा तेवढाच घट्ट. काटा जागचा हलेनासा झाल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. नवशिका पोरगा यावर तासभर झगडतो; बाबांचं काम चहा येईपर्यंत झालेलं असे. भोसरी-चाकणच्या छोट्या शॉपमध्ये आज सीएनसी मशिनं आली आहेत. पण एखादा अडनिडा जॉब आला, जुनं लेथ बिघडलं, की असा माणूस शोधत फिरावं लागतं. शिकाऊ उमेदवार येतात, त्यांच्या शेजारी उभं राहून शिकवायला कुणाला सवड नसते. मंदीत मालक महिनाभराचा नवा पगार अंगावर घ्यायला कचरतो. आठवड्यातून तीन दिवस येणारा जाणता माणूस त्याला परवडतो. बाबांसाठी काम मागायला जाशील तेव्हा वय सांगण्याआधी हे सांग.

ज्येष्ठांनी तरुणांच्या पोटावर पाय देऊ नये, असंही तू लिहिलं आहेस. बाबा ज्या पोराला डायल लावायला शिकवतील, त्याचीच उद्याची मजुरी वाढेल. तेव्हा ती चिंता सोड.

ज्येष्ठांना मंदीतही काम देता येतं. 1973 च्या तेलसंकटानंतर जपानमध्येही मंदी आली होती. 1975 साली टोकियोत ज्येष्ठांना काम मिळवून देणारी एक संस्था उभी राहिली. पुढे तीच पद्धत ‘सिल्व्हर मनुष्यबळ केंद्रं’ म्हणून देशभर पसरली आणि 1986 मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. झाडांची छाटणी, कागदी दारांची दुरुस्ती, सायकलतळाची देखरेख अशी कामं केंद्र घेतं आणि सभासदांत वाटून देतं. काम हलकं आणि थोड्या वेळाचं असतं, हे त्यातलं मर्म. आपल्याकडे केंद्र सरकारने 1 ऑक्टोबर 2021 रोजी साठीच्या पुढच्यांसाठी ‘सेक्रेड’ हे नोकरीचं पोर्टल सुरू केलं. तिथे नाव नोंदवच, पण ओळखीच्या शॉपमालकांकडे स्वतः जा. आपल्या धंद्यात माणूस माणसाच्या शब्दावर लागतो.

काही गोष्टींवर मात्र ठाम राहा. कुणी बारा तासांची रात्रपाळीची वॉचमनची नोकरी देऊ केली, तर नको म्हण. त्यांच्या गुडघ्यांना आणि साखरेच्या आजाराला ती सोसणार नाही. ‘वय झालंय, निम्म्यात या’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. किमान वेतनाचा कायदा वय झालं म्हणून सूट देत नाही. दिवस, तास आणि पैसे कागदावर घे. बसायला स्टूल, मशीनवर नीट उजेड आणि अपघात विमा मागून घे. आधी डोळे तपासून नवा चष्मा करून दे. ड्रॉइंग आता मोबाइलवर येतं, ते मोठं करून कसं बघायचं हे न वैतागता शिकव. पैसे त्यांच्याच खात्यात जाऊ देत. घरात किती द्यायचे ते त्यांना ठरवू दे.

आणि त्यांच्याशी बोलताना हप्त्यांचा विषय आधी काढू नकोस. दोन नकारांनी त्यांना वाटलं आहे की आपली आता कुणाला गरज उरली नाही. ते आधी पुसलं गेलं पाहिजे. ‘बाबा, तुम्हाला कोणतं काम करायला आवडेल, किती तास झेपेल?’ एवढं विचार आणि उत्तर पूर्ण ऐकून घे. त्यांनी नको म्हटलं तर तो शेवटचा शब्द समज. हो म्हटलं, तर पहिल्या मालकाकडे तू स्वतः त्यांच्याबरोबर जा. लोकांच्या बोलण्याचा विचार करत आणखी एक महिना घालवू नकोस. या रविवारीच त्यांच्याशी बोल.

तुझा,
काका