खालच्या कप्प्यातली कॉफी

१. चांगली कॉफी प्यायची तर गाडी पकडावी लागते, असं मी नोकरीची सगळी वर्षं धरून चालले. ऑफिस माटुंग्याला. तिथल्या ‘कॅफे मद्रास’मधली, स्टीलच्या वाटी-पेल्यातली फेसाळ फिल्टर कॉफी हीच काय ती कॉफी, आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये मिळतो तो चहा. निवृत्तीनंतर मेमधल्या एका दुपारी लाइट गेले होते, घरात बसवेना, म्हणून लालचक्कीजवळच्या नेहमीच्या दुकानात धणे आणि साबण आणायला गेले. फ्रिजच्या अगदी खालच्या कप्प्यात ‘अमूल कूल कॅफे’चे कॅन दिसले. निव्वळ तहान लागली म्हणून एक मागितला. “हिला के पीना, भाभी,” दुकानदार म्हणाले. पहिला घोट घेतला आणि पिशवी खाली ठेवून मी फळीला टेकून उभी राहिले.

२. मला आवडली ती कॉफी नव्हती, दूध होतं. हे कळायला अर्धा कॅन संपावा लागला. टिकाऊ दुधाची अशी पेयं डब्यात बंद करून शंभर अंशांच्या वर तापवतात. त्या आचेत दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून किंचित भाजल्यासारखी होतात, आणि एक खमंग, आटीव वास येतो. तो वास माझ्या ओळखीचा होता. आई बासुंदी करायची तेव्हा पातेल्याच्या तळाची खरवड मी चमच्याने खरवडून खायची, अगदी तो. कॉफीचा कडवटपणा त्या गोडीला फक्त आवर घालत होता. एवढी वर्षं मी दुधाला कॉफीतली भेसळ समजत आले होते.

३. ही कॉफी उभ्या उभ्याच संपवायची. दुसऱ्या वेळी कॅन फोडून घरी न्यायला निघाले. पोहोचेपर्यंत ती कोमट आणि गुळमट झाली होती. पेय गार असताना जिभेला गोडी कमी कळते. गारवा गेला की लपलेली साखर वर येते.

४. दुकानात थांबल्याशिवाय दुकानदार कळत नाही. इतकी वर्षं यादी द्यायची, पैसे मोजायचे, निघायचं, एवढाच आमचा संबंध. कॅन संपेपर्यंत दहा मिनिटं उभं राहावं लागलं, म्हणून बोलणं निघालं. त्यांचे वडील फाळणीनंतर सिंधमधून आले, ते इथल्या लष्करी बराकीत. दुसऱ्या महायुद्धातली ही छावणी तेव्हा निर्वासितांना राहायला दिली होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि गावाला उल्हास नदीवरून नाव मिळालं. हे मला पाठ होतं. पण वडील सुरुवातीला लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे, आणि विकून उरलेलं मुलांना मिळायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्यात जायचं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. ते सांगताना फ्रिजचं दार नीट लागलंय का, हे त्यांनी दोनदा पाहिलं. त्याच गाड्यांनी मी रोज जात-येत होते. कुठलीच विचारपूस मी कधी केली नव्हती, याचं त्या दुपारी फार वाईट वाटलं.

५. घरी तशी कॉफी जमत नाही. इन्स्टंट कॉफी, साखर आणि चार थेंब पाणी पांढुरकं होईस्तोवर फेटलं, दूध निम्म्यावर आटवलं, रात्रभर गार केलं. झालं ते सुरेख, पण वेगळं. नातवाला माझंच आवडतं.

६. मागच्या आठवड्यात अंबरनाथहून बहीण आली. तिला घरी न नेता रिक्षातून आधी दुकानापाशीच उतरवलं. दुकानदारांनी न विचारता आतून एक स्टूल काढलं आणि खालच्या कप्प्यात हात घातला. बहिणीने कॅन हलवला, घोट घेतला, थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, खरवड गं!”